‘दि मिरॅकल’ आणि दाराशीं मिळालेला जबाब

इ. स. १९११ च्या डिसेंबर महिन्याच्या २३ व्या तारखेस लंडन येथील ऑलिंपिया नांवाच्या विस्तीर्ण प्रदर्शनगृहांत ‘दि मिरॅकल’, म्हणजे ‘चमत्कार’, या नांवाचा एक खेळ प्रथम झाला. त्याचें कथानक कार्ल फॉलमोलर या जर्मन कवीनें रचिलें. संगीत एंगेलबर्ट हुम्परडिंक याचें. नेपथ्य व वेषरचना अर्न्स्ट स्टर्न याची. आणि सर्व खेळाची मांडणी मॅक्स राइनहार्ट याची. खर्चाचा व धाडसाचा भार चार्ल्स कॉक्रन या इंग्रज व्यवस्थापकानें उचलला होता. प्रदर्शनगृहाचें आंतील रूप पालटून तेथें गॉथिक पद्धतीचें ख्रिस्तमंदिर उभें केलें होतें, आणि प्रेक्षक रंगभूमीच्या समोर नव्हे तर त्या मंदिराच्या पोटांतच बसत. नट, नर्तक व समुदाय मिळून सुमारें दोन हजार माणसें त्यांत वावरत. वाद्यवृंद होता, गायकवृंद होता, घंटा होत्या. नव्हतें तें एकच. पात्रांच्या तोंडीं एकही संवाद नव्हता. सर्व खेळ मुका होता.

जुन्या पोथ्या, सनदा, ताम्रपट व बखरी यांच्या शोधास वाहिलेल्या या त्रैमासिकांत परदेशच्या एका तमाशाची चर्चा कशाला, असें आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर सोपें आहे. या खेळाचें मूळ तेराव्या शतकांतील एका लॅटिन ग्रंथांत सांपडतें. त्या कथेचे पाठभेद युरोपच्या अनेक भाषांत उपलब्ध आहेत. आणि एका पाठांतून दुसऱ्या पाठांत जातांना काय टिकलें व काय गळलें हें पाहणें हा तर आपला नित्याचाच उद्योग. शिवाय या खेळांत मध्ययुग मूर्तिमंत उभें राहिलें असें म्हणण्याचा जो एक प्रघात पडला आहे, तो आम्हांस तपासून घ्यावासा वाटतो. कमानी, रंगीत कांचा, मिरवणुकी, हें सर्व मध्ययुगाचें खरें; परंतु ज्या कथेकरितां एवढी उभारणी झाली त्या कथेचा जीव तींत उतरला कीं नाहीं, हा प्रश्न निराळा आहे.

ऱ्हाईन नदीच्या उजव्या तीरावर, बॉन शहरापासून जवळच, झीबेनगेबिर्ग नांवाच्या टेंकड्या आहेत. त्यांच्या पायथ्याशीं हाइस्टरबाख येथें सिस्टर्शियन संप्रदायाचा एक मठ होता. इ. स. १८०३ त तो बंद पडला, व पुढें त्याचे दगडही लोकांनीं नेले. देवालयाच्या गाभाऱ्याकडील भागाचे अवशेष तेवढे आज उभे आहेत. या मठांत नव्यानें येणाऱ्या उमेदवारांस वळण लावण्याचें काम सीझेरियस नांवाच्या यतीकडे होतें. त्यानें इ. स. १२१९ ते १२२३ च्या सुमारास ‘डायलॉगस मिराकुलोरम’, म्हणजे ‘चमत्कारसंवाद’, नांवाचा बारा भागांचा ग्रंथ रचिला. ग्रंथाची धाटणी आपल्याकडील पोथ्या चाळणारास अगदीं ओळखीची वाटेल: शिष्य विचारतो व गुरु सांगतो. सातवा भाग मेरीमातेविषयीं असून त्याच्या चौतिसाव्या प्रकरणांत बिआट्रिसची कथा आली आहे. योसेफ स्ट्रांगे यानें मूळ लॅटिन ग्रंथ इ. स. १८५१ त कोलोन येथें छापून काढिला, व स्कॉट आणि ब्लँड यांचें इंग्रजी भाषांतर इ. स. १९२९ त निघालें. त्यामुळें मूळ पाठ पाहण्यास आतां अडचण राहिलेली नाहीं.

कथा लहान आहे. बिआट्रिस नांवाची एक रूपवती मठवासिनी देवालयाची राखण करीत असे. किल्ल्या तिच्याकडे असत. मेरीमातेवर तिची एकांतिक भक्ति होती. उपाध्यायवर्गांतील एक पुरुष तिच्या मागें लागला. तिचें मन ढळलें. निघण्यापूर्वीं ती मेरीमातेच्या वेदीपाशीं गेली, आपणांकडून होईल तितकी सेवा झाली, यापुढें मोहापुढें आपला टिकाव लागत नाहीं, असें सांगून तिनें किल्ल्या वेदीवर ठेविल्या व निघून गेली. थोड्याच दिवसांत त्या पुरुषानें तिला टाकून दिलें. परत जाण्यास तोंड नाहीं व पोटास आधार नाहीं, अशा स्थितींत तिनें देहविक्रयावर पंधरा वर्षें काढिलीं. एके दिवशीं ती मठाच्या दाराशीं आली आणि तेथील द्वारपाळास तिनें विचारिलें कीं, येथें पूर्वीं बिआट्रिस नांवाची राखणदार होती, तिला आपण ओळखतां काय? तो म्हणाला, चांगलाच ओळखतों. ती बाई लहानपणापासून आजपर्यंत या मठांत निर्मळपणें राहत आली आहे. या बोलण्याचा अर्थ तिला उमजेना. ती माघारीं वळणार तोंच मेरीमातेनें तिला दर्शन दिलें व सांगितलें कीं, तुझ्या पंधरा वर्षांच्या गैरहजिरींत तुझें काम मींच केलें आहे. आंत जा, प्रायश्चित्त कर. कोणास कांहीं ठाऊक नाहीं.

या कथेंत चमत्कार कोठें आहे, हें नीट पाहिलें पाहिजे. स्वर्गांतून कोणी उतरलें, मूर्ति हालली, प्रकाश पडला, असें सीझेरियस कांहींएक सांगत नाहीं. पंधरा वर्षें मठांत रोज दिवे लागत होते, दारें उघडत व मिटत होतीं, आणि कोणाच्याही लक्षांत कांहीं येत नव्हतें. चमत्कार तो हाच, कीं कांहीं दिसलें नाहीं. तो उघडा पडतो तो एका ठिकाणीं, दाराशीं, आणि तोही डोळ्यांस नव्हे तर कानांस. स्वतःचें निष्कलंक नांव एका परक्या माणसाच्या तोंडून, सहज बोलण्याच्या ओघांत, तिच्या कानीं पडतें. सांगणारास आपण काय सांगत आहों याची कल्पना नाहीं व ऐकणारीस तें समजत नाहीं. सबंध कथेचा भार या एका प्रश्नावर व एका जबाबावर तोललेला आहे. किल्ल्यांचें स्थानही असेंच. त्या वेदीवर ठेवणें म्हणजे निव्वळ टाकून देणें नव्हे. तो धनिणीच्या हातीं केलेला हवाला आहे. कारभारी पळून गेला खरा, पण जातांना दफ्तर मालकाच्या स्वाधीन करून गेला. मालकानें कारभार बंद पडूं दिला नाहीं, एवढेंच नव्हे तर पुढें बोभाटाही होऊं दिला नाहीं.

याच कथेचा दुसरा थोर पाठ म्हणजे मध्यकालीन डच भाषेंतील ‘बेआट्रेइस’ हें १०३८ ओळींचें काव्य. त्याची एकच हस्तलिखित प्रत आजवर टिकली असून ती हेग येथील राजकीय ग्रंथालयांत आहे, ती इ. स. १३७४ च्या सुमाराची मानितात. कवीचें नांव अज्ञात आहे. मात्र आपण ही हकीकत गिजब्रेख्त नांवाच्या एका वृद्ध यतीकडून ऐकिली, असें तो प्रारंभींच सांगतो. योंकब्लूट यानें इ. स. १८४१ त हें काव्य प्रथम छापिलें. येथें प्रियकर हा बालपणापासूनचा सोबती आहे. सात वर्षें दोघें सुखांत राहतात, दोन मुलें होतात, पैसा सरतो, तो निघून जातो. पुढचीं सात वर्षें ती मुलांसाठीं देह विकते, पण मेरीमातेची नित्याची प्रार्थना एकही दिवस चुकवीत नाहीं. परतल्यावर ती मठाजवळच्या एका विधवेकडे उतरते आणि तेथेंच तिच्या कानीं आपली कीर्ति पडते. म्हणजे द्वारपाळाची विधवा झाली, तरी जबाब कायम राहिला. या कवीनें एक अडचण मात्र नव्यानें ओळखिली आहे: पाप कोणास ठाऊकच नसेल तर त्याचें क्षालन कसें व्हावें? म्हणून तो मठाच्या तपासणीस आलेल्या एका वरिष्ठ मठाधिपतीपुढें तिला सर्व कबूल करावयास लावितो. मठाधिपति तिला मुक्त करितो, मुलें आपल्या मठांत नेतो, आणि तिचें नांव न घेतां ही कथा लोकांस सांगतो. गुप्तता मोडत नाहीं, तरीही कथा आपणांपर्यंत कशी आली हें वाचकास कळतें. पोथीचा प्रवास पोथींतच सांगून टाकण्याची ही युक्ति आम्हांस फार मनोहर वाटली.

पुढील पाठांची वंशावळ येथें देत बसत नाहीं. गिएत या विद्वानानें इ. स. १९२७ त तें काम स्वतंत्र ग्रंथांत केलें आहे. कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या गीतसंग्रहांतील ९४ वें गीत, लोपे दे व्हेगा याचें नाटक, नोदिए याची फ्रेंच कथा, गॉटफ्रीड केलर याच्या इ. स. १८७२ च्या ‘सात आख्यायिका’, अशा वाटांनीं ही बाई हिंडत आली. केलरच्या कथेंत तर ती आठ मुलगे वाढवून परत येते. आमच्या प्रस्तुत विषयास जवळचें आहे तें मेटरलिंक याचें इ. स. १९०१ त प्रसिद्ध झालेलें ‘सर बेआट्रिस’ हें नाटक. त्यांत देवालयांतील मेरीमातेची मूर्तीच चौथऱ्यावरून उतरून तिचा वेष घेते. आतां मूर्ति उतरली म्हणजे चौथरा रिकामा राहिला. चौथरा रिकामा दिसला म्हणजे मठांत हाकाटी झाली, मूर्ति चोरीस गेली. राखणदारीण ती, म्हणून तिच्यावर आळ आला. आणि तिला मारण्यास उगारलेल्या दोऱ्यांचीं फुलें झालीं. वाचकांनीं येथें थांबून पाहावें. एक मूर्ति हालविली मात्र, आणि जी गोष्ट कोणासही ठाऊक नव्हती ती साऱ्या मठाच्या डोळ्यांसमोर घडूं लागली. रिकामा चौथरा हा पाठभेद दिसावयास लहान, पण तो शिरतांच जुन्या कथेचें कुलूप तुटतें.

फॉलमोलरच्या खेळांतही हाच रिकामा चौथरा आहे. त्यानें नायिकेचें नांव मेगिल्डिस ठेविलें. वृद्ध राखणदारिणीकडून या तरुणीकडे किल्ल्या येतात, मूर्तीच्या दर्शनानें पंगु माणूस चालूं लागतो, एक भटका वाद्यवाला व एक सरदारपुत्र यांच्या नादानें मुलीचें चित्त चळतें, ती निघून जाते, आणि मूर्ति उतरून तिचा झगा घालते. मूर्ति नाहींशी झाल्याचें पाहून मठवासिनी खवळतात, तोंच ही नवी राखणदारीण जमिनीपासून अधर उचललेली त्यांस दिसते. मधल्या भागांत मेगिल्डिसचे दिवस येतात: एका पुरुषाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं, सरदार, राजपुत्र, राजा, आणि प्रत्येक पायरीवर एक प्रेत. अखेर ती मरणोन्मुख मूल घेऊन देवालयांत परतते. सीझेरियसनें जीं पंधरा वर्षें एका वाक्यांत उरकलीं, त्यांवर राइनहार्टनें अश्व, मशाली, नर्तक व शस्त्रें यांचा वर्षाव केला आहे. पाप हें पाहण्यासारखें असतें व सेवा ही पाहण्यासारखी नसते, हा रंगभूमीचा जुनाच पक्षपात येथें प्रचंड प्रमाणावर दिसून येतो. किल्ल्या खेळांतही आहेत. पण हजारों प्रेक्षक बसतील अशा त्या विशाल जागेंत किल्ल्यांचा जुडगा तो केवढा! तो कोणाच्या डोळ्यांत भरावा?

याहून मोठी हानि मुकेपणामुळें झाली. राइनहार्टनें इ. स. १९१० त बर्लिनच्या शूमान सर्कशींत ‘इडिपस’ नाटक केलें होतें. नट व प्रेक्षक यांमधील पडदा काढून टाकून जुन्या ग्रीक उत्सवाप्रमाणें सर्वांस एका घेऱ्यांत आणावें, हा त्याचा हेतु. ‘मिरॅकल’ हें त्याच वाटेवरचें पुढचें पाऊल. एवढ्या मोठ्या जागेंत माणसाचा आवाज पुरत नाहीं, शिवाय मुक्या खेळास भाषेची सरहद्द नाहीं. म्हणून शब्द काढून टाकिले, हें व्यवहारदृष्ट्या बरोबरच होतें. परंतु प्रार्थना नाचून दाखवितां येते, लढाई दाखवितां येते, मोहही दाखवितां येतो. ‘ती बाई तर येथेंच आहे’ हें वाक्य कसें दाखवावें? जी गोष्ट घडली नाहीं तिचा अभिनय होत नाहीं. तेव्हां तो जबाब गळाला, आणि त्याबरोबर नायिकेचें न समजणेंही गळालें. सीझेरियसच्या श्रोत्यास सत्य शेवटीं कळतें, बिआट्रिसच्या बरोबरच. ऑलिंपियांतील प्रेक्षकास तें पहिल्यापासून ठाऊक असतें, कारण मूर्ति उतरतांना त्यानेंच पाहिली आहे. एकाचा विस्मय दुसऱ्याच्या वाट्यास आलाच नाहीं. त्याच्या वाट्यास देखावा आला.

येथें आमच्या महाराष्ट्रीय वाचकांस कऱ्हाडच्या सखूची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. ती पंढरीस गेली आणि विठ्ठल तिचें रूप घेऊन तिच्या जागीं बांधून राहिला, सासूसासऱ्यांचें दळणकांडण त्यानें केलें. दोन कथांचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे असें आम्ही म्हणत नाहीं. दोन भक्तिसंप्रदायांनीं स्वतंत्रपणें एकच ताळा मांडावा यांत अशक्य तें काय? उलट फरकच अधिक बोलका आहे. सखू देवाकडे जाते म्हणून देव तिच्या घरीं राबतो. बिआट्रिस देवाकडून निघून जाते, तरीही तिचें काम अडत नाहीं. दोहोंतही घरच्या माणसांस पत्ता लागत नाहीं, हें मात्र समान. प्रभात कंपनीनें इ. स. १९४१ त सखूवर बोलपट काढिला. तेथें शब्द हाताशीं होते, ही त्या मंडळींची सोय राइनहार्टला नव्हती.

इतकें म्हटल्यावर खेळाच्या बाजूनें जें म्हणावयाचें तें न म्हणणें अन्यायाचें होईल. मेरीमातेचें काम मारिया कार्मी ही नटी करीत असे. प्रारंभीं बराच वेळ ती चौथऱ्यावर दगडाच्या मूर्तीप्रमाणें निश्चल उभी राही. पापणी हालवावयाची नाहीं, श्वास दिसूं द्यावयाचा नाहीं. भोंवतीं शेंकडों माणसांची धांवपळ, आणि मध्यें एक माणूस स्तब्ध. नंतर जेव्हां ती मूर्ति पहिल्यानें हालते, तेव्हां मुकेपणाचें सार्थक होतें. त्या क्षणीं शब्द असता तर त्यानें घातच केला असता. दुसरें स्थळ शेवटचें. मेगिल्डिस आपलें मेलेलें मूल मूर्तीपुढें ठेविते. मेरीमाता चौथऱ्यावर परत चढतांना तें उचलून घेते, आणि बालख्रिस्ताच्या जागीं तेंच तिच्या कडेवर राहतें. हें सीझेरियसमध्यें नाहीं, डच काव्यांतही नाहीं. परंतु हा पाठभेद कथेच्या स्वभावास धरून आहे: आईच्या जागीं राबणारी आतां मुलासही जागा देते. डच कवीच्या मठाधिपतीनें दोन मुलें ठेवून घेतलीं, त्या स्थळाचें हें दूरचें पण योग्य उत्तर होय. ज्यानें हें योजिलें त्यास मूळ कथा समजली नव्हती असें आम्हांस म्हणवत नाहीं. समजूनही त्याला ऑलिंपिया भरावयाचें होतें.

लंडनचा खेळ मार्च १९१२ पर्यंत चालला. त्याच वर्षीं जोसेफ मेन्चेन यानें त्याचा चित्रपट काढविला, व हातानें रंगविलेला तो पट २१ डिसेंबर १९१२ रोजीं कॉव्हेंट गार्डनच्या नाट्यगृहांत वाद्यवृंद व गायकवृंद यांच्या साथीनें दाखविण्यांत आला. (इ. स. १९१२ च्या फेब्रुवारींत आमचे धुंडिराज गोविंद फाळके छायाचित्रणाचें यंत्र घेण्यास लंडनमध्यें आले होते, हा योगायोग नोंदवून ठेवितों. त्यावर तर्काचा मनोरा मात्र कोणी उभारूं नये.) पुढें जानेवारी १९२४ त न्यूयॉर्कच्या सेंचुरी नाट्यगृहांत नॉर्मन बेल गेडीस याच्या नेपथ्यानें हा खेळ पुनः झाला, मेरीमातेच्या कामांत कार्मीबरोबर लेडी डायना मॅनर्स ही आळीपाळीनें उभी राहूं लागली. इ. स. १९३२ त लंडनच्या लायसिअममध्यें तो परत आला, तेव्हां तो पडद्यामागच्या नेहमींच्या रंगभूमीवर आला होता. देवालयाच्या पोटांत बसलेला प्रेक्षक पुनः खुर्चींत जाऊन बसला, आणि खेळाचें जें एक खरें बळ होतें तेंही उणें झालें.

आतां संग्राहकांच्या कामाची एक गोष्ट. ज्या खेळांत संवादच नाहींत त्याची ‘पोथी’ कोणती? छापील कथासार हें पोथी नव्हे. स्वरलिपि हीही अर्धीच. खरी पोथी म्हणजे राइनहार्टची दिग्दर्शनाची वही. कोणत्या ठोक्यास कोण कोठून येतो, दिवा केव्हां मंदावतो, समुदाय कोणत्या बाजूस सरकतो, हें सर्व तो अशा वहींत बारकाईनें लिहून ठेवी. ऑलिव्हर सेलर यानें संपादिलेल्या इ. स. १९२४ च्या ‘मॅक्स राइनहार्ट अँड हिज थिएटर’ या ग्रंथांत ‘मिरॅकल’ची वही छापली गेली, हें या खेळाचें भाग्य. राइनहार्ट हा यहुदी असल्यामुळें नाझी अमलांत त्यास देश सोडावा लागला व तो इ. स. १९४३ त न्यूयॉर्क येथें वारला. त्याच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह पुढें त्याच राज्यांतील बिंगहॅम्टनच्या विद्यापीठांत गेला. आपल्याकडील नाटकमंडळ्यांच्या नकला व तालमीच्या वह्या रद्दींत जात असतां बखरीच्या एका पानासाठीं दहा गांवें पालथीं घालणारे आम्ही त्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीं. समासांत खुणा केलेली अशी वही हातीं लागल्यास ती आमच्या सभासदांनीं अवश्य राखावी व तिची पाने, शाई व हस्ताक्षर यांची नोंद इतर हस्तलिखितांप्रमाणेंच करावी.

ज्यांस दोन्ही पाठ शेजारीं ठेवून पाहावयाचे असतील त्यांनीं प्रथम स्ट्रांगेच्या प्रतींतील सातव्या भागाचें चौतिसावें प्रकरण वाचावें आणि मग सेलरच्या ग्रंथांतील वहीचा शेवटचा प्रवेश काढावा. पहिल्यांत त्या बाईच्या परतण्यास दारापर्यंतची वाट व चार ओळींचें बोलणें एवढेंच लागलें आहे.